अणू पाहणारी सुई
(विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. विज्ञानावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मध्यंतरी सांगलीहून साताऱ्यास येताना एस.टी.त बी.एस्सी.चा एक विद्यार्थी शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काका, शिक्षण सोडून बँकेच्या परीक्षेला बसतो. अणू कुणी पाहिलाय? नुसतं पाठ करायचं!" आम्हास उत्तर देता आले नाही. ती टोचणी लागली म्हणून वाचले, जाणत्यांना विचारले. ते आज सांगतो.

अणू पाहिलेला आहे. १९८१ साली झुरिकजवळच्या आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत बिनिग व रोरर यांनी एक सूक्ष्मदर्शक यंत्र बनविले. त्याबद्दल १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रात भिंग नाही, धातूची सुई आहे. तिच्या अगदी टोकाशी जवळजवळ एकच अणू असतो. सुई पदार्थाजवळ नेतात, पण टेकवीत नाहीत. तरीही मधली फट ओलांडून काही इलेक्ट्रॉन पलीकडे जातात आणि किंचित वीज वाहते. अंतर सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाने वाढले, तरी हा प्रवाह सुमारे दहापट घटतो. आंधळा काठीने वाट चाचपतो, तशी ही सुई पृष्ठभागाचे चढउतार विजेने चाचपते.

मग थंडी कशाला? उष्णतेने अणू-इलेक्ट्रॉनांची सारखी चुळबुळ चालते. भर बाजारात कुजबूज ऐकू येत नाही, तसेच हे आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने असे यंत्र स्वतः उभारले. त्याचा वृत्तांत २०१३ साली प्रसिद्ध झाला. ते ०.३५ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली जवळजवळ २७३ अंशांपर्यंत थंड होते. नायोबियम नायट्राइडचा चांगला पातळ थर सुमारे १६ केल्विनखाली विजेला मुळीच अडवीत नाही, कारण इलेक्ट्रॉन जोड्या करून एका पावलाने चालतात. थराच्या रचनेत मुद्दाम खूप विस्कळीतपणा आणला, तेव्हा तो गुण फार कमी तापमानालाच नाहीसा झाला. परंतु सुईला त्याच्या वरच्या तापमानातही जोड्यांची खूण दिसली. जोड्या होत्या, एकत्र चाल मोडली होती! ही गोष्ट पाठांतराने कळली नसती.

मित्रहो, बँकेची नोकरी वाईट नाही, आमचे घर तिच्यावरच चालले. पण दुसरी वाट ठाऊक नाही म्हणून ती धरू नका. बी.एस्सी.नंतरही अशा संस्थेत प्रवेश परीक्षेतून जाता येते आणि संशोधन करताना विद्यावेतन मिळते. पालकांनी हा हिशेबही मांडावा.

तो विद्यार्थी सातारा स्टँडवर उतरून गर्दीत गेला. नाव विचारायचे राहिले. तो आज येथे असेल, तर त्याच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही उशिरा का होईना, दिले आहे.