रिकामी कूस आणि प्रभूचे अश्रू
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत एका माजी रुग्ण भगिनीने केलेले भाषण)



या व्यासपीठावरून सहसा बरे होऊन घरी गेलेल्यांची मनोगते ऐकायला मिळतात. मीही बरी होऊन घरी गेले. परंतु माझे हात रिकामेच होते. नऊ वर्षांपूर्वी, लग्नानंतर सहा वर्षांनी राहिलेला माझा गर्भ तिसऱ्या महिन्यात गेला. सासूबाईंनी आपल्या जुन्या, मऊ लुगड्याचे दुपटे शिवायला घेतले होते. ते अर्धवटच राहिले.

त्या रात्री मनात एकच प्रश्न होता : माझे काय चुकले? इथल्या डॉक्टरीणबाईंनी खाटेजवळ बसून मला शांतपणे समजावले. निदान झालेल्या दर १०० गर्भधारणांपैकी सुमारे १० ते २० अशा आपोआप संपतात, त्यांतील बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत. यांपैकी निम्म्यांच्या आसपास कारण गुणसूत्रांतील दोष हे असते. रोजच्या घरकामाने किंवा प्रवासाने असे घडत नाही. त्या चार वाक्यांनी माझ्या मनावरचा अपराधाचा भार उतरला. दुःख मात्र उरले.

मी ख्रिस्ती कुटुंबात वाढले. साहजिकच सांत्वनाला येणारे देवाचे नाव घेऊन येत. कुणी म्हणे, देवाची इच्छा. कुणी म्हणे, तुझा विश्वास कमी पडला असेल. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण प्रत्येक शब्दागणिक मी देवापासून दूर जात होते. एका रविवारी उपासनेत एका तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होता. मी मधूनच उठून बाहेर आले आणि त्यानंतर कित्येक आठवडे मंदिराची पायरी चढले नाही.

एके दिवशी आमच्या पाळकांच्या पत्नी घरी आल्या. त्यांनी कारण सांगितले नाही, की उपदेश केला नाही. पवित्र शास्त्र उघडून स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र तेवढे वाचले. ते स्तोत्र अंधारातच संपते. शेवटी आशेची एकही ओळ नाही. देवाच्या ग्रंथात देवाविरुद्धच्या तक्रारीलाही जागा आहे, हे मला त्या दिवशी कळले. कित्येक आठवड्यांनी मी प्रार्थना केली. ती प्रार्थना म्हणजे निव्वळ भांडण होते.

पुढे योहानाच्या शुभवर्तमानातील लाजराची कथा मी नव्याने वाचली. आपण लाजराला उठवणार आहोत, हे प्रभू येशूला ठाऊक होते. तरीही मरीयेचे रडणे पाहून तो स्वतः रडला. आशा असली म्हणजे अश्रू ढाळू नयेत, असे त्याने मानले नाही. माझे सांत्वन मला इथे सापडले. माझे बाळ देवाच्या हाती आहे, अशी माझी श्रद्धा आहे. आणि मी आजही त्याच्यासाठी रडते. या दोहोंत विरोध नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही असा एक दाखला आहे. १९२१ साली पंडिता रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. त्या दुःखातही रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम सोडले नाही. १९२२ साली त्यांचे स्वतःचे निधन झाले. विलापाची ती स्तोत्रे त्या काळात त्यांनी कोणत्या मनाने वाचली असतील, याचा विचार अनेकदा माझ्या मनात येतो.

मी रडू लागल्यावर घरही बोलू लागले. माझ्या यजमानांना सर्वांनी माझी प्रकृती विचारली होती; त्यांचे दुःख कुणी विचारले नव्हते. आम्ही दोघांनी बाळाला एक नाव दिले. ते आमच्या प्रार्थनेतच राहते. आणि एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "माझीही दोन गेली, गं. चाळीस वर्षांत कुणाला सांगितलं नाही." मग त्यांनी ते अर्धवट दुपटे काढले आणि आम्ही दोघींनी मिळून ते पुरे केले. आम्हाला पुढे मूल झाले नाही. दुपटे कपाटात आहे.

या रुग्णालयात सर्व धर्मांच्या भगिनी येतात. माझी श्रद्धा इतरांवर लादावी, असा माझा हेतू नाही. विश्वस्तांना माझी एकच विनंती आहे : जिचे बाळ गेले आहे, तिची खाट बाळंतिणींच्या खाटांपासून दूर असावी आणि तिच्या माणसांना रडण्यासाठी एक शांत खोली मिळावी. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानेही अशा स्त्रीसाठी सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद केली. कायद्याने ओळखलेले हे दुःख आपणही ओळखावे.

आणि आप्तेष्टांनो, तिला कारणे सांगू नका. तिच्याजवळ बसा. त्या रात्री पाळी संपल्यावरही एक परिचारिका माझा हात धरून बसून राहिली होती. तिचे शब्द मला आठवत नाहीत. बहुधा ती काही बोललीच नसावी. तो हात मात्र मी विसरलेले नाही.