घरच्या स्टुडिओत गाणे जुळविताना : हेडफोन की स्पीकर?



प्रल्हाद शिंदे (1933–2004) यांचे वास्तव्य आपल्या कल्याणात होते. त्यांच्या उमेदीच्या काळात गाणे ध्वनिमुद्रित करावयाचे तर मोठ्या स्टुडिओवाचून गत्यंतर नव्हते. आज ठाणे, कळवा, डोंबिवली, उल्हासनगर येथील आपली मुले एक संगणक, एक माईक एवढ्या भांडवलावर राहत्या खोलीत भीमगीते तयार करतात. याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु यातील कित्येक गाण्यांत शब्दच ऐकू येत नाहीत. ढोलकी ऐकू येते, की-बोर्ड ऐकू येतो, आणि ज्या शब्दांसाठी गाणे लिहिले ते मात्र खाली दबलेले असतात.

याचे एक कारण असे की, मिक्सिंग रात्री हेडफोनवर होते. त्यात मुलांचा दोष नाही. भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा ठरविली आहे. दिवसा म्हणावे तर लोकलचा आवाज आणि घरातील कुकरची शिट्टी!

हेडफोनमध्ये डाव्या बाजूचा आवाज फक्त डाव्या कानात शिरतो. स्पीकरचे तसे नसते. डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानासही पोहोचतो, फक्त किंचित उशिराने, सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो. म्हणून हेडफोनवर सर्व वाद्ये सुटी सुटी वाटतात, गायकाचा आवाज डोक्याच्या मध्यभागी उमटतो आणि शब्द स्पष्ट आहेत असा भास होतो. तेच गाणे स्पीकरवर लावले की वाद्ये एकमेकांवर चढतात व शब्द बुडतो.

मग स्पीकर घ्यावेत काय? घ्यावेत, परंतु दहा बाय दहाची खोलीही फसविते. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे 56 हर्ट्‌झचा खर्ज अडकून राहतो. तो एका ठिकाणी दुप्पट भासतो, तर दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. चौरस खोलीत लांबी-रुंदी सारखीच असल्याने हा त्रास अधिक. स्पीकर कोपऱ्यात ठेवू नयेत. दोन स्पीकर व आपले डोके यांचा समभुज त्रिकोण साधावा. मागे व बाजूस जाड गोधड्या टांगल्यास आवाजाची खणखण कमी होते, खर्ज मात्र गोधडीने थांबत नाही. खर्जाबाबत हेडफोनचा कौल घ्यावा, कारण तेथे खोलीच नसते.

आमचे मत असे की, हेडफोनवर बारीक कामे करावीत : श्वासाचा आवाज, माईकची खरखर, चुकलेला ठेका. शब्द व वाद्य यांचे प्रमाण मात्र दिवसा, स्पीकरवर आणि हळू आवाजात ठरवावे. आवाज मोठा केला की सगळेच गोड लागते. यामाहा कंपनीचे एनएस-10 हे छोटे स्पीकर जगभरच्या स्टुडिओंत वापरले गेले, ते गोड वाजतात म्हणून नव्हे, तर मधल्या पट्टीतील दोष, म्हणजे जेथे मानवी आवाज असतो तेथील दोष, ते उघडे पाडीत म्हणून.

नंतर डावी-उजवी बाजू एकत्र करून, म्हणजे 'मोनो' करून ऐकावे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत रस्त्याच्या एका कडेला उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही बाजू कोठून मिळणार? हेडफोनवर ऐसपैस वाटणारा कोरस मोनोत कधी कधी निम्मा विरून जातो. शेवटी साध्या मोबाईलवर लावून, ज्याने ते गीत पूर्वी ऐकलेले नाही अशा घरातील वडीलधाऱ्यांना शब्द विचारावेत. आपल्याला ते पाठ असतात, म्हणून आपली परीक्षा खरी नसते.

विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला 8 तासांपर्यंत, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी, असे प्रमाण कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी वापरले जाते. म्हणजे 94 डेसिबलला एकच तास. रात्रभर हेडफोन लावून बसणाऱ्यांनी दर तासाला दहा मिनिटे कान मोकळे ठेवावेत, आणि सकाळी कानात शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी मिक्सिंगला हात लावू नये.