घर बांधताना बाईनं विचारावं

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनीच झोपेत घात केला.

पुढं घरं दुरुस्त करताना सरकारनं गावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं. पैसे कसे मिळतील, घर मजबूत कसं करायचं, हे त्यांनी दारोदारी समजावलं, बांधकामावर लक्ष ठेवलं.

आपल्याकडं मुरबाड-शहापुरातही घरकुलं उभी राहताहेत. गवंड्याला विचारा, दारा-खिडक्यांच्या वर सळई-सिमेंटचा सलग पट्टा चारही भिंतींवरून फिरवणार ना? लाजू नका. त्या छपराखाली आपलीच लेकरं निजणार आहेत.