कागदावरची विद्यापीठे आणि सर्वोच्च न्यायालय



विधानसभेने रीतसर संमत केलेला कायदा न्यायालय रद्द कसा करू शकते, असे पुष्कळदा विचारले जाते. रायपूरकरांना याचे उत्तर दूर शोधावे लागत नाही.

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. २००२ मध्ये येथील विधानसभेने खासगी विद्यापीठांचा कायदा केला. संस्थेने प्रस्ताव द्यावा, शासनाने राजपत्रात अधिसूचना काढावी, की झाले विद्यापीठ! सुमारे वर्षभरात अशी ११२ विद्यापीठे निघाली. कित्येकांना इमारतच नव्हती. काहींचा सारा संसार एका खोलीत मावत होता. याच शहरात १९६४ पासून पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ उभे आहे. तेथे शिकलेल्यांना तरी विद्यापीठ कशाला म्हणतात, हे वेगळे सांगावयास नको.

या कायद्याविरुद्ध प्रा. यशपाल राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ चा आधार घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. ते भौतिकशास्त्रज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. शाळकरी मुलांवरील अभ्यासाचे ओझे कमी करा, असे १९९३ मध्ये सांगणारी समितीही त्यांचीच.

निकाल ११ फेब्रुवारी २००५ रोजी लागला. विद्यापीठ स्थापण्याचा विषय राज्यसूचीत आहे, हे खरे. परंतु उच्च शिक्षणाचा दर्जा ठरविणे व त्यात मेळ राखणे हे केंद्रसूचीतील ६६ व्या नोंदीनुसार संसदेचे काम. केवळ कागदी प्रस्तावाला विद्यापीठाचे स्थान देणारी ५ व ६ ही कलमे त्याच्या आड येत होती, म्हणून सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पीठाने ती घटनाबाह्य ठरविली. त्यांच्या आधारे निघालेली विद्यापीठेही संपली. कायदा शहाणपणाचा आहे की नाही, हा न्यायालयापुढचा प्रश्न नसतो. तो करण्याचा अधिकार होता का, हा असतो. हा भेद विसरला, की न्यायालय राज्य चालवू पाहते अशी तक्रार सुरू होते.

पण ज्या मुलांनी तेथे प्रवेश घेतला होता, त्यांचे काय? त्यांनी शासकीय राजपत्रावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा दोष. न्यायालयाने त्यांना वाऱ्यावर सोडले नाही. अशा संस्था राज्यातील आधीच्या विद्यापीठांशी संलग्न करण्यासाठी शासनाने योग्य ती पावले उचलावीत, असा निर्देश निकालातच आहे. अभ्यासक्रम कसा जुळवावा, परीक्षा कोणी घ्याव्यात, हे मात्र त्यात नाही. ते काम राज्य शासनाकडे आणि विद्यापीठांकडे आले.