शेतातलं खत नदीत का जातं?



आज मी खताविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, खताचं आम्हाला काय सांगता? आमचा जन्म खत टाकण्यात गेला. खरं आहे. पण मी बोलणार आहे ते शेतातून निघून गेलेल्या खताविषयी.

पिकाला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. नत्र, स्फुरद आणि पालाश. आपल्या आजा-पणजाच्या वेळी बैल कडबा खाई. त्याचं शेण उकिरड्यावर जाई. उकिरड्यातलं खत शेतात पडे. शेतातून पुन्हा कडबा निघे. मातीतलं मातीत परत येई. रहाट फिरावा तसं हे फिरत असे.

आता आपण पोत्यातलं खतही आणतो. युरियाच्या ४५ किलोंच्या एका पोत्यात सुमारे २० किलो नत्र असतं. पण पीक त्यातलं पुष्कळदा निम्म्याहूनही कमी घेतं. मग बाकीचं कुठं जातं? काही हवेत उडतं. काही पाण्यात विरघळून विहिरीच्या झऱ्याला मिळतं. काही ओढ्याला जातं. स्फुरद मातीला चिकटून राहतं. पण बांध फुटून माती वाहिली, की तिच्याबरोबर तेही जातं.

आपल्या जिल्ह्यातले कितीतरी ओढे दुधनेला मिळतात. जालना शहरातून वाहणारी कुंडलिकाही पुढे दुधनेलाच मिळते. तिच्यात शहराचं सांडपाणी उतरतं. माणसाच्या मैल्यातही नत्र आणि स्फुरद असतं. पुढे दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. म्हणजे इथलं खत थेट समुद्राच्या वाटेला लागतं.

एक आजी मला म्हणाल्या, "लेकरा, खत पाण्यात पडलं तर बिघडलं काय? ते काही विष नव्हे."

आजींचा प्रश्न बरोबर होता. खत मिळालं, की पाण्यालाही पीक येतं. शेवाळ माजतं. जलपर्णी पसरते. खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही. पुढे हे शेवाळ मरतं आणि कुजतं. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. माशालाही श्वास लागतो. अशा डोहात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात, कारण रात्रीतून पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. काही मासे मरतात.

हे समुद्रातही होतं. अमेरिकेत मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. ती शेकडो कोस शेतांतून वाहत येते. तिच्या मुखापाशी दर उन्हाळ्यात समुद्राच्या तळाचा प्राणवायू संपत येतो. मासे तिथून पळतात. ज्यांना पळता येत नाही, ते जीव मरतात.

आता आपल्या घरातली गोष्ट सांगतो. विहिरीत उतरलेल्या नत्राला नायट्रेट म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, तरी त्यात नायट्रेट असू शकतं. सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. असं पाणी घालून दूध पाजलं, तर बाळाच्या रक्ताला प्राणवायू नीट वाहून नेता येत नाही. ओठ आणि नखं निळसर पडतात. जीवही जाऊ शकतो. बायांनो, एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पाणी उकळल्यानं जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. लहान बाळाला आईचं दूधच द्यावं. बाळ निळसर दिसलं, तर तडक दवाखाना गाठावा.

मग करावं काय?

आधी माती तपासून घ्या. लागेल तेवढंच खत द्या. कपाशीचा युरिया एकदम टाकू नका, हप्त्याहप्त्यानं द्या. मोठा पाऊस येणार असेल, तर त्या दिवशी खत टाकू नका. तूर, मूग, हरभरा यांची फेरपालट ठेवा. त्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. त्याचं बिल येत नाही.

बांध नीट ठेवा. ओढ्याच्या काठी गवताचा पट्टा राखा. तो वाहून जाणारी माती अडवतो.

उकिरडा आणि संडासाचा खड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावा, आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. मोरीच्या पाण्यासाठी शोषखड्डा करा. तोही विहिरीपासून दूर.

जलपर्णी माजली असेल, तर बी धरण्याआधी ती काढून कुजवा. आपलंच खत शेतात परत येईल. मात्र कारखान्याचं पाणी येत असेल, तिथली जलपर्णी शेतात घेऊ नका.

शेवटची गोष्ट. पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळेत होते. ग्रामपंचायतीत चौकशी करा. तपासणीचा कागद हाती आला, की नायट्रेटपुढचा आकडा शोधा. एका लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत पाणी पिण्यास चालतं. आकडा त्याच्या पुढं गेला, तर त्या विहिरीचं पाणी पिऊ नका.

पूर्वी असा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. आता तुम्हाला वाचता येतं. तो आकडा तुम्ही स्वतः वाचा, आणि शेजारच्या घरीही वाचून दाखवा.

रामराम.