घराचे मीटर हलविताना



सुगी आटोपली की घरदुरुस्तीची कामे निघतात. जुनी भिंत पाडायची असते आणि विजेचे मीटर नेमके तिच्यावरच असते. मग ओळखीचा वायरमन बोलावून तासाभरात ते हलविण्याचा बेत ठरतो. तसे मुळीच करू नका.

मेन स्विच मीटरच्या नंतर असतो. तो बंद केला तरी खांबापासून मीटरपर्यंतच्या तारेत वीज राहतेच. जीव जातो तो इथे. शिवाय परवानगीवाचून मीटर काढणे-जोडणे हा वीज कायदा २००३, कलम १३८ प्रमाणे गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

भिंतीला हात लावण्यापूर्वीच महावितरणकडे अर्ज द्या. घरातील वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून त्याचा चाचणी अहवाल घ्यावा.

नवी जागा कोरडी, पक्क्या भिंतीची आणि पागोळीपासून दूर असावी. गोठ्याची भिंत नको. ओल तर असतेच, आणि जनावरे थोड्या धक्क्यानेही दगावतात. सर्व्हिस वायर पत्र्याला टेकू देऊ नका. वायरचे आवरण घासले की सगळा पत्रा आणि त्याला बांधलेली कपड्यांची तारसुद्धा धक्का देते. रस्ता ओलांडणारी तार किमान ५.८ मीटर उंच हवी, कारण खालून कडब्याने भरलेली गाडी जायची असते. नव्या जागी अर्थिंग नव्याने करा आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा.

मीटर हलविण्याच्या दिवशी रीडिंग लिहून त्यावर कर्मचाऱ्याची सही घ्या. पुढे बिलाची तक्रार निघाल्यास तोच कागद उपयोगी पडतो.