श्रवणयंत्र की कॉक्लिअर इम्प्लांट? पालकांनी करावयाचा विचार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



अशा व्याख्यानमालेत एखाद्या वाङ्मयीन विषयावर बोलण्याचा प्रघात आहे. मी मात्र आज थोडा निराळा विषय निवडला आहे. मी डॉक्टर नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकलेला एक साधा पदवीधर आहे. परंतु वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची प्रकरणे गेली अनेक वर्षे माझ्या टेबलावरून जात आली आणि त्या कागदांमागचे आईबापही मला भेटत आले. कर्णबधिर मुलांच्या पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो: यंत्र लावावे की ऑपरेशन करावे? त्याचा यथामती ऊहापोह करावा, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम दोन्ही साधनांतील मूलभूत भेद ध्यानी घेऊ. आपल्या अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक चिमुकला अवयव असतो. त्यातील हजारो केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात आणि श्रवणाची नस ते मेंदूकडे पोहोचविते. श्रवणयंत्र आवाज मोठा करून याच पेशींच्या हवाली करते. म्हणजे पेशी काही अंशी शाबूत असतील, तरच त्याचा उपयोग. इम्प्लांट या पेशींना वगळून पुढे जाते. कानामागचा प्रोसेसर आवाजाचे संकेतांत रूपांतर करतो आणि शस्त्रक्रियेने शंखात बसविलेली विद्युदग्रांची बारीक तार थेट नसेला चेतना देते. ऑस्ट्रेलियातील ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये असे बहुवाहिनी साधन मेलबर्न येथे एका प्रौढ रुग्णास बसविले. अमेरिकेत १९९० मध्ये दोन वर्षांवरील मुलांसाठी त्यास मान्यता मिळाली. आज त्याहूनही लहान बालकांवर ही शस्त्रक्रिया होते.

तेव्हा ही दोन साधने म्हणजे साधी गाडी आणि भारी गाडी नव्हेत. सौम्य व मध्यम बहिरेपणात चांगले श्रवणयंत्रच योग्य; तेथे इम्प्लांटचा विचारही संभवत नाही. तीव्र, विशेषतः ९० डेसिबलच्या पलीकडच्या दोषात मात्र यंत्राची शक्ती अपुरी पडू लागते. मुलाला स्वर ऐकू येतात, पण ‘स’, ‘श’ यांसारखे उंच पट्टीतील वर्ण निसटतात. ‘साखर’ या शब्दातले जेमतेम स्वरच त्याच्या कानी पडतात. अशा मुलाला काही महिने योग्य यंत्र लावून, त्याची प्रगती तपासून मगच तज्ज्ञ इम्प्लांटचा सल्ला देतात. श्रवणाची नसच नसेल, तर इम्प्लांटचाही उपयोग नाही. म्हणून आधी स्कॅन करतात. मेंदूज्वरानंतर बहिरेपण आले असेल, तर शंखात हाड भरू लागण्याचा धोका असतो. तेथे दिरंगाई परवडत नाही.

दिरंगाई हाच या विषयातील खरा शत्रू आहे. “याचे वडीलही उशिराच बोलले” हे वाक्य आपल्या घरांत फार प्रेमाने उच्चारले जाते आणि त्यापायी मुलाचे एक-एक वर्ष जाते. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक असते. म्हणून पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना, असा दंडक जगभर सांगितला जातो. ‘बेरा’ ही चाचणी झोपलेल्या तान्ह्या बाळावरही करता येते. आपणा बेंगळूरकरांचे भाग्य असे, की १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था म्हैसूरला, म्हणजे काही तासांच्या अंतरावर आहे. तेथे तपासणीपासून पालकांच्या प्रशिक्षणापर्यंत सर्व सोयी आहेत. मुंबईस वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हेच कार्य करीत आहे.

आता खर्चाविषयी. इम्प्लांटचा खर्च काही लाखांच्या घरात जातो. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून, उत्पन्नाच्या व वयाच्या अटींस अधीन राहून, लहान मुलांना साहाय्य मिळते. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी प्रतिपूर्तीची कमाल मर्यादा आधी विचारून घ्यावी व शस्त्रक्रियेपूर्वी लेखी मंजुरी घ्यावी. नंतर केलेला पत्रव्यवहार मनस्तापच देतो, हे मी अनुभवाने सांगतो. आणि हिशेब केवळ शस्त्रक्रियेचा करू नका. बॅटऱ्या, वायरी, दुरुस्ती आणि काही वर्षांनी नवा प्रोसेसर, हा खर्च आयुष्यभराचा आहे.

शस्त्रक्रिया ही तर केवळ सुरुवात. त्यानंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते, पुढे वारंवार त्याची जुळणी करावी लागते आणि मुलाला ऐकण्यास शिकवावे लागते. श्रवणयंत्राच्या बाबतीतही हेच खरे. रोज सकाळी मुलाच्या पाठीमागून, ओठ न दाखवता ‘आ, ई, ऊ, म, श, स’ हे सहा ध्वनी म्हणावेत. एखाद्याला प्रतिसाद मिळेनासा झाला, तर यंत्र तपासून घ्यावे. तज्ज्ञांनी सांगितलेली ही चाचणी करण्यास एक छदामही लागत नाही.

यापुढचा मुद्दा या सभागृहातील प्रत्येक घराशी निगडित आहे. घरी मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी, असे आपले जीवन. मुलाला ऐकू येत नाही असे कळताच “आता घरात फक्त इंग्रजी बोला” असा सल्ला पुष्कळ हितचिंतक देतात. माझी नम्र विनंती आहे, की तो निमूटपणे मान्य करू नका. मुलाला हवी असते ती दिवसभर ओघाने, मायेने बोलली जाणारी समृद्ध भाषा. आईला जी भाषा परकी, त्या भाषेत ती सूचना देईल. गोष्ट सांगणार नाही, रागावणार नाही, लाडही करणार नाही. आजीची अंगाई आणि आजोबांच्या थापा ज्या भाषेत आहेत, तीच भाषा पाया ठरू शकते. वेळीच ऐकू लागलेली मुले दोन भाषाही शिकतात, असा अनुभव आहे. उपचारतज्ज्ञ मराठी जाणणारे नसतील, तर त्यांची पद्धत शिकून घ्या आणि घरी मराठीत वापरा.

शेवटी एक गोष्ट आवर्जून सांगतो. दोन्ही साधनांनी ज्यांना पुरेसे साध्य होत नाही, अशीही मुले असतात. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना हवी त्या सर्वांसाठी, भारतीय सांकेतिक भाषा ही एक परिपूर्ण भाषा आहे. तिच्यासाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. हातांनी बोलणारे मूल म्हणजे आईबापांचा पराभव नव्हे. मूल भाषेविना वाढणे, हाच खरा पराभव होय.

यंत्र कोणते, हे तज्ज्ञ तपासण्यांवरून ठरवतील. किती लवकर आणि किती चिकाटीने, हे मात्र आपल्या हाती आहे. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे परमुलखात मराठीचा आवाज जागता ठेवला. तो आवाज आपल्याच एखाद्या मुलाच्या कानी पोहोचत नसेल, तर त्याच्या आईवडिलांना म्हैसूरला सोबत करणे, त्यांचे कागद भरून देणे, हेही मंडळाचेच कार्य आहे, असे मी मानतो. त्यातील कागदांचा भार उचलण्यास मी केव्हाही सिद्ध आहे.